काहीतरी चांगलं वाचायला सांगा

मराठी माणसाकडे उसने पैसे मागा, त्याला अचानक मुलीची फी आठवते. दोन दिवसांसाठी गाडी मागा, तिचं नेमकं सर्व्हिसिंग निघतं. पण ‘काका, वाचायला काहीतरी चांगलं सांगा ना,’ एवढंच म्हणून बघा. तो हातातली भाजीची पिशवी खाली ठेवतो. पिशवी जमिनीला टेकली की समजावं, आपला अर्धा तास गेला आणि त्याची कोथिंबीर सुकली.

या अर्ध्या तासात एक प्रश्न मात्र तो चुकूनही विचारत नाही. तो म्हणजे, ‘तुला आवडतं काय?’ समोर बारावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला मुलगा असो, मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन डॉक्टरांनी वाचायची नुकतीच परवानगी दिलेली आत्या असो, की कोकणकन्येचं तिकीट कन्फर्म झाल्याच्या आनंदात स्टेशनवर निघालेला जावई असो, उत्तर ठरलेलं आहे: ‘मृत्युंजय’. शिवाजी सावंतांची ही कादंबरी 1967 साली आली आणि तेव्हापासून मुंज, वाढदिवस, दहावीचं यश, निवृत्ती अशा सर्व प्रसंगी चालत आली. काही घरांत तिच्या तीन प्रती असतात. तिन्ही भेट आलेल्या, आणि चौथी कुणाला तरी द्यायला आणलेली. पुढची नावंही तोंडपाठ: ‘स्वामी’, ‘श्रीमान योगी’, ‘ययाति’, ‘छावा’, ‘पानिपत’. ही यादी करायला कधी समिती बसली नाही, ठराव झाला नाही; तरी सावंतवाडीपासून गोंदियापर्यंत तिच्यात काना-मात्रेचाही फरक पडत नाही.

पुस्तकांबद्दल तक्रार नाही. चांगलीच आहेत. तक्रार आहे ती सुचवणाऱ्यांच्या तऱ्हेबद्दल. पुस्तक सुचवणारे आणि स्थळ सुचवणारे यांच्यात मला कधीच फारसा फरक दिसला नाही. दोघांनीही प्रत्यक्ष चौकशी केलेली नसते. ‘मी स्वतः वाचलं नाही, पण ज्ञानपीठ आहे,’ हे ‘मुलाला पाहिलं नाही, पण घराणं उत्तम,’ याच सुरात सांगितलं जातं. ‘जरा भारदस्त आहे’ म्हणजे पृष्ठसंख्या आठशेच्या वर. ‘सुरुवातीला अबोल वाटेल, पण नंतर खुलतं’ म्हणजे पहिली दीडशे पानं दात-ओठ खाऊन काढावी लागतील. आणि एवढं करून नाही जमलं, तर दोघांचंही म्हणणं एकच: ‘आमच्याकडून आम्ही चांगलंच सुचवलं होतं. तूच जरा जुळवून घ्यायला हवं होतंस.’

या सगळ्याच्या मुळाशी पुस्तकांची उतरंड आहे. सगळ्यात खाली रहस्यकथा आणि भयकथा, त्यावर सामाजिक कादंबरी, त्यावर ऐतिहासिक कादंबरी, त्यावर खरा इतिहास, आणि पार वर, हात पोचणार नाही अशा जागी, प्राचीन इतिहास. माणूस स्वतः ज्या पायरीवर बसून वाचतो, त्याच्या निदान दोन पायऱ्या वरचं पुस्तक तो दुसऱ्याला सुचवतो. म्हणून आपल्याकडे रहस्यकथा कोणी सुचवत नाही. त्या फक्त वाचल्या जातात.

बाबुराव अर्नाळकरांचंच बघा. धनंजय, झुंजार, काळापहाड अशा नायकांना कामाला लावून त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. हजारावर पुस्तकं छापली गेली, त्या अर्थी ती कुणीतरी विकत घेतली, भाड्याने नेली, भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचली. मग ते लाखो वाचक गेले कुठे? माझा अंदाज असा, की ते पुढे मोठे झाले आणि बक्षीस समारंभाचे प्रमुख पाहुणे झाले. ‘मुलांनो, तुमच्या वयाचा असताना मी “गीतारहस्य” वाचून काढलं होतं,’ असं व्यासपीठावरून सांगणारे गृहस्थ हेच. ‘गीतारहस्य’ 1915 साली प्रसिद्ध झालं. ते जर खरोखर इतक्या शाळकरी मुलांनी वाचलं असतं, तर महाराष्ट्रात एव्हाना फळाची अपेक्षा करणारा माणूस औषधालाही उरला नसता.

हे भांडण तसं जुनं आहे. 1857 साली बाबा पदमनजींनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं. विधवांच्या हालांवरचं ते गंभीर पुस्तक मराठीतली पहिली कादंबरी मानलं जातं. चारच वर्षांनी, 1861 साली, लक्ष्मण मोरेश्वर हळबे ‘मुक्तामाला’ घेऊन आले. संकटात सापडलेली सद्गुणी नायिका, कपटी माणसं, अद्भुत योगायोग, आणि शेवटी सगळं गोड. पुढच्या लेखकांनी कुणाचा कित्ता गिरवला असेल? अर्थात हळबेंचा. अद्भुतरम्य कादंबऱ्यांची रीघ लागली. म्हणजे मराठी कादंबरी चार वर्षांची होईपर्यंतच लोकांना काय सुचवावं आणि लोक काय वाचतात यांची फारकत झाली होती.

या फारकतीची खरी खबर असते ती ग्रंथपालांना. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 सालचं, मुंबईचं 1898 सालचं. मराठी माणूस बोलतो काय आणि घरी नेतो काय, हे अशा संस्थांच्या टेबलापलीकडून सव्वाशे वर्षं पाहिलं जातंय. आमच्या वाचनालयातल्या बाई पुस्तक कधीच सुचवत नाहीत. फार गळ घातली तर म्हणतात, ‘ज्याचा दंड जास्त जमतो, ते न्या.’ कारण पुस्तक मुदतीत परत न येणं ही त्यांच्या मते सर्वोच्च समीक्षा. दुसऱ्याच दिवशी परत आलं तर मात्र वाचकाच्या डोळ्यांकडे पाहावं लागतं. लाल असतील तर रात्रीत संपवलंय. टवटवीत असतील तर उघडलेलंच नाही.

शिवाय पुस्तकाची अंगकाठीही बोलते. भयकथावाल्या नारायण धारपांच्या कादंबरीचा कणा मोडलेला असतो, कोपरे दुमडलेले असतात आणि पानांना आमटीचा वास असतो, कारण ती जेवतानाही सुटलेली नसते. याउलट परिसंवादांत वारंवार नाव निघणाऱ्या काही थोर कादंबऱ्या असतात. त्यांची पहिली चाळीस पानं मळलेली आणि पुढची कोरी करकरीत. कुठला सभासद नेमका कुठे धारातीर्थी पडला, हे त्या मळाच्या रेषेवरून बाई अचूक सांगतात.

अर्थात खालच्या पायरीवरच्या पुस्तकाला बढती मिळू शकते. त्यासाठी त्यावर सिनेमा निघावा लागतो. सुहास शिरवळकरांची ‘दुनियादारी’ कॉलेजच्या पोरांनी वर्षानुवर्षं झेरॉक्स काढून काढून वाचली, तेव्हा ती ‘टाइमपास’ होती. 2013 साली चित्रपट आला आणि ज्या मामांनी भाच्याच्या हातून ती काढून घेतली होती, तेच आता ‘मूळ कादंबरी वाच, सिनेमात ती गंमत नाही,’ असं बजावू लागले.

मधल्या पायरीवर, म्हणजे ऐतिहासिक कादंबरीवर, गर्दी सगळ्यात जास्त. इथल्या वाचकाची एक खासियत आहे: कादंबरी मिटली की तो इतिहासकार होतो. रणजित देसाईंची ‘स्वामी’ 1962 ची. ती वाचलेला माणूस थोरल्या माधवरावांच्या प्रकृतीबद्दल घरच्या पेशंटबद्दल बोलावं तसं बोलतो. विश्वास पाटलांचं ‘पानिपत’ 1988 सालचं. ते वाचलेला प्रत्येक जण सदाशिवरावभाऊंना सल्ला देऊ शकतो. आमच्या सोसायटीत बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. स्वतःच्या शाखेत त्यांना कॅशियर रजेवर गेला तर काउंटर चालवता यायचा नाही. पण ‘यात्रेकरूंचा एवढा लवाजमा बरोबर न्यायलाच नको होता हो,’ असं ते लिफ्टमध्ये तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत समजावतात. त्यांचं घर दुसऱ्या मजल्यावर आहे.

हेच काका नव्या वाचकाला वरच्या पायरीवर ढकलतात. ‘कादंबऱ्या कसल्या वाचता? अस्सल साधनं वाचा! राजवाडे वाचा!’ आता इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाखाली 22 खंड काढले. पहिला 1898 साली. पोरगा बिचारा ‘साधने’ म्हटल्यावर ‘अवजारं कसली?’ असं विचारतो आणि ‘बावीस’ म्हटल्यावर काहीच विचारत नाही. त्याला कोणी असं सांगत नाही, की बाबा रे, या पहिल्या खंडात 1750 ते 1761 या काळातली पत्रं आहेत. लिहिणाऱ्यांना पुढे पानिपत होणार आहे हे ठाऊक नाही, वाचणाऱ्याला ठाऊक आहे. पैसा येत नाही, रसद पोचत नाही, कोण फितेल सांगता येत नाही, आणि तारीख रोज पुढे सरकतेय. एवढ्या ताणावर अर्नाळकरांनी दहा पुस्तकं काढली असती. पण ‘हे थरारक आहे’ असं म्हटलं, तर सुचवणाऱ्याचं वजन कमी होतं ना! म्हणून तो ‘हे मूलगामी आहे’ असं म्हणतो. मूलगामी म्हटलेलं पुस्तक घरी आणून कोणी उघडल्याचं मी पाहिलेलं नाही.

गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’चीही हीच कथा. ‘सत्तावन्नच्या बंडाचा प्रत्यक्षदर्शी मराठी दस्तऐवज,’ अशी शिफारस झाली की ऐकणारा आदराने मान हलवतो आणि पळ काढतो. दस्तऐवज म्हटलं की मराठी माणसाला तलाठी आठवतो. खरी हकिगत अशी: कोकणातल्या वरसईचा विष्णुभट नावाचा तरुण भटजी. घरावर कर्ज. मथुरेला बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा चांगली मिळेल असं कानावर येतं, आणि विष्णुभट आपल्या काकांसह निघतो उत्तरेकडे. वाटेतच कळतं, की हिंदुस्थानात बंड पेटतंय. मागे फिरावं तर कर्ज, पुढे जावं तर तोफा. भटजी पुढे जातात. झाशीला वेढा पडतो तेव्हा नेमके झाशीत असतात. मिळालेलं द्रव्य लुटलं जातं. शेवटी जीव आणि गंगेची कावड घेऊन घरी येतात. चिंतामण विनायक वैद्यांनी हे पुस्तक 1907 साली प्रसिद्ध केलं. माझ्या भाच्याला मी एवढंच सांगितलं, ‘एक कर्जबाजारी भटजी दक्षिणेसाठी लढाईत शिरतो.’ तो म्हणाला, ‘मामा, कुठल्या ओटीटीवर आहे?’ पुस्तक आहे म्हटल्यावर चेहरा पडला, पण नेलं. रात्री दोनला त्याचा मेसेज आला: ‘पैसे परत मिळतात का?’

आता सगळ्यात वरची पायरी, प्राचीन इतिहास. इथे सुचवणारे फार आणि वाचणारे थोडे असल्यामुळे अपघात फार होतात. ‘गाथासप्तशती’ हे त्यातलं नामांकित अपघातस्थळ. सातवाहन राजा हाल याच्या नावावरचा, माहाराष्ट्री प्राकृतातल्या सुमारे सातशे गाथांचा हा संग्रह. ‘आपल्या मातीचा दोन हजार वर्षांचा सांस्कृतिक ठेवा,’ म्हणून एका काकांनी तो आपल्या पुतणीला तिच्या साखरपुड्यात दिला. काकांनी तो उघडूनही पाहिलेला नव्हता याचा याहून सबळ पुरावा नसेल. त्यात खेड्यातल्या बायका आहेत, परगावी गेलेले नवरे आहेत, परगावी न गेलेले शेजारी आहेत, झोपेचं सोंग घेतलेल्या सासवा आहेत, नदीकाठची झाडी आहे आणि त्या झाडीत ठरलेल्या भेटी आहेत. पुतणीने दुसऱ्या दिवशी काकांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, ‘काका, तुम्ही इतके मोकळ्या विचारांचे असाल असं वाटलं नव्हतं.’ काका अजून त्या वाक्याचा अर्थ शोधताहेत.

किंवा ‘लीळाचरित्र’ घ्या. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या. ज्यांनी स्वामींना पाहिलं होतं, त्यांना गाठून, खोदून खोदून विचारून. ‘मराठीतला आद्य गद्यग्रंथ’ ही त्याची शिफारस. ‘आद्य’ आणि ‘गद्य’ हे दोन्ही शब्द एका दमात ऐकल्यावर सुदृढ माणसालाही जांभई येते. प्रत्यक्षात त्यात कोण कुणाला काय म्हणालं, काय रांधलं, कोण रुसलं, वाटेत कोण भेटलं अशा बारीकसारीक हकिगती ठासून भरल्यात. ज्या समाजाला शेजारच्या घरात काल कोण आलं होतं हे कळल्याशिवाय झोप लागत नाही, त्याला आणखी काय हवं? शिवाय पुढे स्वामींच्या महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि ते शतकानुशतकं बाहेरच्यांना बंद राहिले. काळापहाडाने मिशीला पीळ दिला असता असा हा ऐवज, आणि आपण तो एम.ए.च्या मुलांच्या गळ्यात अडकवून मोकळे झालो.

नाणेघाटाचं तसंच. पोरं शनिवार-रविवारी तिथे जातात, धबधबा बघतात, लेण्याच्या भिंतीला पाठ लावून फोटो काढतात. ज्या भिंतीला पाठ लावलेली असते, तिच्यावर सातवाहनांचा ब्राह्मी लेख असतो. राणी नागनिकेशी जोडला जाणारा हा लेख म्हणजे कोणकोणते यज्ञ झाले आणि प्रत्येकाला किती गायी, किती घोडे, किती कार्षापणं दक्षिणा दिली याची यादी. गोडसे भटजींनी हा लेख वाचला असता, तर ‘दीड-दोन हजार वर्षं उशिरा जन्माला आलो,’ म्हणून कपाळावर हात मारला असता.

आणि सगळ्या रहस्यकथांची महारहस्यकथा पुण्यात घडली, हे पुणेकर सोडून कुणी सांगत नाही आणि पुणेकर ते फक्त स्वतःला सांगतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर 1917 साली स्थापन झालं. दोन वर्षांनी महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं. ठिकठिकाणच्या 1,259 हस्तलिखितांचा धांडोळा घ्यायचा, आणि कुठला श्लोक मूळचा, कुठला मागाहून गुपचूप येऊन बसला, ते शोधून काढायचं. वि. स. सुकथनकरांनी या तपासाची शिस्त घालून दिली, आणि काम पुरं व्हायला 1966 साल उजाडलं. या तपासात मोठमोठे संशयित सापडले. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं, ही आपल्या सगळ्यांची लाडकी गोष्ट मुख्य पाठातून उठून परिशिष्टात गेली. म्हणजे ज्या पुण्यात गणपतीची विसर्जन मिरवणूक चोवीस तासांतही आटपत नाही, त्याच पुण्यातल्या विद्वानांनी गणपतीला लेखनिकाच्या कामातून मोकळं केलं. एरवी केवढा गहजब झाला असता! झाला नाही, कारण ते खंड सगळ्यांनी सगळ्यांना सुचवले होते.

स्वयंवरात द्रौपदी ‘मी सूतपुत्राला वरणार नाही’ असं म्हणते, तो प्रसंगही मुख्य पाठात टिकला नाही. ही बातमी ‘मृत्युंजय’च्या, म्हणजे कर्णाच्या, भक्ताला सांगताना मात्र अंतर राखून सांगावी. त्यातून त्याच्या हातात इरावती कर्व्यांचं ‘युगान्त’ देणं म्हणजे तर धाडसच. 1968 च्या साहित्य अकादमी पुरस्काराचं हे पुस्तक. इरावतीबाई कुंती, गांधारी, धृतराष्ट्र अशा एकेकाला समोर बसवून उलटतपासणी घेतात. आणि कर्णाची पाळी येते तेव्हाही त्यांचा पदर डोळ्यांना लागत नाही. माझ्या माहितीतल्या दोन मित्रांचं या पुस्तकावरून बोलणं बंद झालं. ज्याने सुचवलं होतं त्याने ते वाचलेलं नव्हतं, त्यामुळे त्याला भांडणाचं कारणच कळेना.

अलीकडे सुचवणाऱ्यांच्या हातात मोबाइल आल्यामुळे पिशवी खाली ठेवायचीही गरज उरलेली नाही. ‘मरण्यापूर्वी वाचलीच पाहिजेत’ अशा याद्या फिरतात. मुदतीचं हे मानगुटीवर बसलेलं भान पाहून वाचायच्या आधीच हातपाय गळतात. 15 ऑक्टोबरला, डॉ. कलामांच्या जयंतीला, आपण वाचन प्रेरणा दिन पाळतो. त्या दिवशी पुस्तकासह फोटो काढून पाठवायचा असतो, आणि एका हातात फोन धरावा लागत असल्याने पान उलटण्याचा प्रश्न आपोआप सुटतो. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरच्या भिलारला 2017 साली ‘पुस्तकांचं गाव’ झालं. घराघरांत विषयवार पुस्तकं मांडलेली, कुणीही जावं, बसून वाचावं. एवढी छान सोय आहे, की तिथे गेलेला प्रत्येक जण परत येऊन ती दुसऱ्याला सुचवतो. वाचलं काय, असं विचारलं तर स्ट्रॉबेरीबद्दल सांगतो.

परदेशी स्थायिक झालेल्यांनी या बाबतीत सर्वांत रोखठोक मार्ग काढलाय. विमानाच्या बॅगेला 23 किलोची मर्यादा. काट्यावर एकीकडे भाजणीचं पीठ, गोडा मसाला, मेतकूट. दुसरीकडे काकांनी दिलेलं ‘श्रीमान योगी’. हलकंफुलकं साहित्य श्रेष्ठ की भारदस्त, या प्रश्नावर परिसंवादांत शंभर वर्षं जे ठरलं नाही, ते तिथे वजनकाट्यावर एका मिनिटात ठरतं.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात एवढंच, की पुस्तक सुचवताना त्याची पायरी सांगू नका, पुरस्कार सांगू नका, ‘अभिजात’ हा शब्द तर तोंडातूनही काढू नका. त्यात अडचणीत कोण सापडलंय ते सांगा. झुंजार असो की सदाशिवरावभाऊ, मुक्तामाला असो की नवरा गावाला गेलेली गाथेतली बाई, माणूस अडचणीत सापडला की वाचक पान उलटतो. मग ते पान गेल्या दिवाळीतलं असो की दोन हजार वर्षांपूर्वीचं. पाहिजे तर असं सांगा, की ‘यातलं अमुक प्रकरण तू वाचू नकोस, तुझ्या वयाला ते योग्य नाही.’ राजवाड्यांचे बावीसच्या बावीस खंड मे महिन्याच्या सुट्टीत संपतील.

आणि सुचवून झाल्यावर कृपा करून ‘मग, वाचलंस का?’ असा तगादा लावू नका. या एका प्रश्नापायी लोक गल्ली बदलतात, लिफ्ट सोडून जिना धरतात. फारच राहवलं नाही, तर ‘पुढे काय झालं रे त्याचं?’ एवढंच विचारा. तो हातवारे करून सांगायला लागला, तर वाचलंय. ‘भाषा फार सुंदर आहे हो,’ असं म्हणाला, तर पुढे काही विचारू नका; चहा टाका.